शहागडमध्ये राहून जुना गेमिंग पीसी घ्यायचा का? पैसे देण्याआधी हे वाचा

"आय७, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट. जीटीए मक्खन चालतं. १८ हजार, फिक्स रेट."

अशी जाहिरात तुमच्या फीडमध्ये एकदा आली की पुढचे आठ दिवस येतच राहते. विकणारा संभाजीनगरचा नाहीतर पुण्याचा असतो. आणि तुम्ही असता शहागडला. म्हणजे गोदावरीच्या काठी, अंबड तालुक्यात, पलीकडं गेवराई आणि दारातून धुळे-सोलापूर हायवे. घरात कापसाचे किंवा उसाचे पैसे आलेले असतात, वडिलांना "अभ्यासाला लागतोय" म्हणून निम्मं पटवलेलं असतं, आणि हे पैसे पुन्हा वर्षभर तरी मिळणार नाहीत हे तुम्हालाही माहीत असतं.

जुना पीसी घेणं हा मूर्खपणा नाही. नीट घेतला तर कमी पैशात चांगलं मशीन मिळतं. पण पुण्यातल्या पोरानं जुना पीसी घेणं आणि शहागडातल्या पोरानं घेणं, यात फरक आहे. पुण्यात बिघडला तर संध्याकाळी तापकीर गल्लीत नेता येतो. इथं बिघडला तर कॅबिनेट उचलून एसटीनं जालना, बीड नाहीतर संभाजीनगर गाठावं लागतं. एक दिवस जातो, भाडं जातं आणि दुकानदार म्हणतो, "ठेवून जा, बघतो." म्हणून इथल्या माणसानं किमतीइतकंच हेही बघायचं की हे मशीन बंद पडलं तर त्याचा पार्ट सहज मिळेल का.

आधी सांगा, खेळणार काय?

बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्ससाठी पीसी घेत असाल तर थांबा. हे मोबाइलचे गेम आहेत. पीसीवर ते एमुलेटर टाकून चालवावे लागतात आणि बीजीएमआयच्या बाबतीत तर त्यानं अकाउंट बंद होण्याची जोखीम असते. त्यासाठी पंचवीस हजार घालण्यापेक्षा बरा मोबाइल घेतलेला परवडला.

व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २, माइनक्राफ्ट, जीटीए ५ हे तुमचे गेम असतील तर मात्र जुन्या पीसीत अर्थ आहे, कारण ते फार मागत नाहीत. व्हॅलोरंटच्या किमान गरजेत इंटेल एचडी ४००० लिहिलंय, म्हणजे २०१२ च्या सुमाराचे, प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स. जीटीए ५ पीसीवर आला एप्रिल २०१५ मध्ये. त्याला किमान ४ जीबी रॅम आणि १ जीबीचं जुनं कार्ड पुरतं. अर्थात किमान म्हणजे गेम सुरू होईल, मजा येईलच असं नाही.

विकणारा "जीटीए ६ पण चालेल" म्हणाला तर हसून सोडून द्या. रॉकस्टारनं जाहीर केलेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी आहे. पीसीची तारीख त्या घोषणेत नव्हतीच.

आय७ म्हणजे नेमकं कुठलं आय७?

जाहिरातीतली सगळ्यात मोठी चलाखी इथं असते. आय३, आय५, आय७ हा नुसता वर्ग झाला. मशीन किती जुनं आहे ते पुढच्या आकड्यावरून कळतं. आय७-२६०० म्हणजे दुसरी पिढी, साल २०११. आय५-८५०० म्हणजे आठवी पिढी, साल २०१८. आय३-१२१०० म्हणजे बारावी पिढी, साल २०२२. शेवटचे तीन आकडे झाकायचे, उरलेला आकडा म्हणजे पिढी. आणि हो, बाराव्या पिढीतलं आय३ दुसऱ्या पिढीतल्या आय७ला सहज मागं टाकतं. त्यामुळे नुसतं "आय७ आहे भाऊ" याला काही किंमत नाही. पूर्ण मॉडेल नंबर मागा. जो देत नाही त्याच्याशी पुढं बोलू नका.

आठवी पिढी ही लक्ष्मणरेषा समजा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्यांना मिळणारी जादा सुरक्षा मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, एएमडीत रायझन २००० मालिका किंवा पुढची, आणि जोडीला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप. जुन्या मशीनवरही विंडोज ११ जुगाड करून टाकता येतं, पण मग व्हॅलोरंट अडतं. विंडोज ११ वर त्याचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय गेम उघडू देत नाही. म्हणजे चौथ्या पिढीचा पीसी आज स्वस्तात मिळाला तरी तो ज्या गेमसाठी घेतला, तोच उद्या त्यावर चालणार नाही.

अजून एक प्रकार सर्रास दिसतो. "नवीन मदरबोर्ड, एक वर्ष वॉरंटी" म्हणून विकतात. बोर्ड खरंच नवा असतो, डब्यातला. पण त्यावरचा एच६१ हा चिपसेट २०११ सालचा असतो आणि त्यात दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर बसवलेला असतो. एक्स७९ नावाचे चायनीज बोर्ड आणि सर्व्हरमधून काढलेले झिऑन प्रोसेसर ही त्याचीच मोठी बहीण. चालतात, काही जण वर्षानुवर्षं चालवतात. पण बोर्ड गेला तर जालन्यात काय, संभाजीनगरातही तसाच दुसरा पटकन मिळेल याची खात्री नाही. शहागडच्या माणसानं या फंदात पडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ही मशीनं येतात कुठून?

जुन्या बाजारातले गेमिंग पीसी मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात.

पहिली जागा म्हणजे कंपन्या. पुणे, मुंबई, बेंगळुरू, हैदराबादच्या ऑफिसांत डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर अशी मशीनं असतात. तीन-पाच वर्षांनी कंपनी ती एकगठ्ठा काढून टाकते. व्यापारी घेतात, पुसतात, एसएसडी टाकतात आणि विकतात. मशीन म्हणून ही दणकट असतात. पण काही जण त्यात एक स्वस्त कार्ड खुपसून "गेमिंग पीसी" असं नाव देतात, आणि घोळ तिथं होतो. यातली बारकी, चपटी मशीनं, ज्यांना एसएफएफ म्हणतात, त्यांचा पॉवर सप्लाय असतो दोनशे वॉटच्या आसपास. त्याचा आकार आणि कनेक्टर कंपनीचे स्वतःचे, म्हणजे बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. कार्डही अर्ध्या उंचीचंच लागतं. ऑफिसचा पीसी घ्यायचाच तर उभा टॉवर घ्या.

दुसरी जागा म्हणजे स्वतः खेळणारा पोरगा, जो आता नवीन बनवतोय किंवा नोकरीला बाहेर चाललाय. पार्टची बिलं, खोकी, वॉरंटी कार्ड असं सगळं असेल तर हा सौदा सगळ्यात चांगला. थोडा महाग पडला तरी.

तिसरी जागा म्हणजे बंद पडलेले गेमिंग कॅफे आणि क्रिप्टो मायनिंगवाले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते नाणं काढणं एका दिवसात बंद झालं. जगभरातली कार्डं जुन्या बाजारात आली. आरएक्स ५८० चा जो सुळसुळाट दिसतो, त्यामागं हे मोठं कारण आहे. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलंच असं नाही. पण त्याचे पंखे झिजलेले असतात, पेस्ट वाळलेली असते आणि मेमरी चिप महिनोन्महिने तापलेल्या असतात.

कार्डात फसवणूक कशी होते

जीटीएक्स १०५० टीआय नावानं विकलेली कितीतरी कार्डं प्रत्यक्षात २०१०-११ ची जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय असतात. बायोस बदलून विंडोजला खोटं नाव सांगायला शिकवलेलं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघून काही कळत नाही. त्यासाठी जीपीयू-झेड हे छोटं, फुकट सॉफ्टवेअर आहे. २०१८ पासून ते अशा कार्डाच्या नावापुढं सरळ "फेक" असं दाखवतं.

आरएक्स ५८० मध्ये वेगळीच गंमत. मूळ कार्डात २३०४ कोअर असतात. चीनच्या बाजारासाठी काढलेल्या "२०४८एसपी" प्रकारात २०४८ असतात. हे खोटं कार्ड नाही, पण मूळ ५८० च्या भावात घ्यायचंही नाही. जीपीयू-झेडमध्ये शेडर्स असं लिहिलेल्या ठिकाणी हा आकडा दिसतो.

ड्रायव्हरचंही बघा. एनव्हिडियानं जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं, आता फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. एएमडीच्या आरएक्स ४०० आणि ५०० लाही आता पूर्वीसारखे नियमित अपडेट येत नाहीत. जीटीएक्स १६५० (साल २०१९, ४ जीबी) मात्र त्यापुढच्या पिढीतलं आहे. त्याचे बहुतेक प्रकार ७५ वॉटमध्ये, वेगळी पॉवर वायर न लावता चालतात. ऑफिसच्या टॉवरला इतकं सोयीचं दुसरं कार्ड क्वचितच सापडेल. आरएक्स ५८० ला १८५ वॉट लागतात, ते ऑफिसच्या पॉवर सप्लायवर टाकणं म्हणजे बैलगाडीला नांगर जुंपून हायवेवर काढणं.

शहागडचा हिशोब वेगळा का

यूट्यूबवरचे व्हिडिओ हे सांगत नाहीत, कारण ते करणारे मोठ्या शहरात बसलेले असतात.

लाइट. व्होल्टेज खालीवर होतं, पावसाळ्यात तर दिवसातून चार वेळा जातं. जुन्या एसएमपीएसचा जीव यातच जातो, आणि जाताना तो बोर्डालाही घेऊन जातो. म्हणून यूपीएस हा बजेटचाच भाग धरायचा. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंत भार घेतो, जीटीएक्स १६५० च्या पीसीला पुरतो. तो गेम चालू ठेवायला नसतो, सेव्ह करून नीट बंद करायला असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर वायरमन बोलावून आधी अर्थिंग करून घ्या, पीसी नंतर आणा. पत्र्याच्या घरात आणि ओल्या भिंतीत तर हे टाळूच नका.

ऊन. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. खोलीच ४० अंशांवर असेल तर कार्ड थंड कशानं होणार? पुण्याच्या एसी खोलीत ७० अंशांवर चालणारं कार्ड तुमच्याकडं ८५ ला जाईल आणि तापलं की ते आपोआप वेग कमी करतं. पुढून काच आणि मागं एकच पंखा असलेली आरजीबी कॅबिनेट दिसायला भारी, पण मे महिन्यात भट्टी. पुढं जाळी असलेलं साधं कॅबिनेट घ्या. हायवेची धूळ आणि कापसाची लव आत बसते, तेव्हा दोन महिन्यांनी एकदा ब्रश आणि ब्लोअर मारा. मागच्या रिकाम्या फटी बंद करा. पाल आत शिरून एसएमपीएस उडणं हा आपल्याकडचा अस्सल बिघाड आहे आणि तो कुठल्याच वॉरंटीत बसत नाही.

इंटरनेट. जीटीए ५ ला शंभर जीबीच्या आसपास जागा लागते. रोजच्या २ जीबीच्या मोबाइल पॅकवर तो उतरवायचा तर पन्नास दिवस, तेही दुसरं काहीच न बघता. तुमच्या गल्लीत फायबर आलंय का हे पीसीआधी विचारा. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, त्यामुळे फायबरवर पिंग ठीक मिळतो. मोबाइल हॉटस्पॉटवर संध्याकाळी तो उड्या मारतो.

वीजबिल. गेम खेळताना पीसी आणि मॉनिटर मिळून अडीचशे वॉट धरा. रोज चार तास म्हणजे एक युनिट, महिन्याला तीस. महावितरणचा दर शंभर युनिटांनंतर वाढतो. घराचं बिल आत्ता ८०-९० युनिटांवर असेल तर पुढचं बिल आल्यावर घरात कोणाचं नाव निघेल हे सांगायला नको.

मग पंचवीस हजारांत काय करायचं?

आमचा सल्ला: मशीन आज घ्या, ग्राफिक्स कार्ड नंतर.

आठव्या पिढीचं किंवा पुढचं आय५, उभा टॉवर, १६ जीबी रॅम, एसएसडी, मॉनिटर आणि यूपीएस. एवढ्यात बजेट बऱ्यापैकी संपतं आणि संपू द्या. यावर फॉर्म भरणं, लेक्चर बघणं, टायपिंग, कोडिंग, लग्नाचे व्हिडिओ कापणं हे सगळं होतं. म्हणजे वडिलांना "अभ्यासाला" सांगितलेलं खोटं ठरत नाही. आठव्या पिढीच्या आय५-८५०० मध्ये स्वतःचे यूएचडी ६३० ग्राफिक्स आहेत, त्यावर कमी सेटिंगला व्हॅलोरंट चालतं. चार-सहा महिन्यांत मशीन कसं वागतं ते कळेल. मग जीटीएक्स १६५० शोधा. सगळं एकदम घेतलं आणि कार्ड खोटं निघालं, तर निम्मे पैसे त्यातच अडकतात.

नावाच्या शेवटी "एफ" असलेला प्रोसेसर, उदाहरणार्थ आय५-९४००एफ, या बेतासाठी घेऊ नका. त्यात ग्राफिक्स नसतात, कार्डाशिवाय पडद्यावर काही दिसणारच नाही. दुसरा चांगला पर्याय म्हणजे रायझन ५ ५६००जी. त्याचे आतले ग्राफिक्स इंटेलच्या त्या काळातल्या ग्राफिक्सपेक्षा बरेच दमदार आहेत. दोन्हीकडं रॅम एका पट्टीत १६ असण्यापेक्षा आठ-आठच्या दोन पट्ट्या हव्यात. कार्ड नसताना याचा फरक गेममध्ये उघड दिसतो.

रॅमचं अजून एक. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे जगभर रॅम महागली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे "८ जीबीचा घ्या, रॅम नंतर टाका" हा जुना सल्ला आता उलटा पडतो. १६ जीबी आधीच असलेलं मशीन थोडे पैसे जास्त देऊन घ्या.

वॉरंटी संपलेल्या पार्टला त्याच ताकदीच्या नव्या पार्टच्या निम्म्याहून जास्त देऊ नये, हा आमचा ठोकताळा. त्या दिवशीचा नवा भाव मोबाइलवर काढा आणि मग बोला. "फिक्स रेट" लिहिलेलं असलं तरी बोला. जुना गेमिंग लॅपटॉप मात्र टाळा. लाइट गेली तरी चालतो हे खरं, पण जुनी बॅटरी, तापणारी बॉडी आणि बोर्डालाच चिकटलेलं कार्ड. एक गेलं की सगळं गेलं. आणि सगळं मिळून पंधरा हजारच असतील तर सरळ पुढच्या हंगामापर्यंत थांबा.

समोर बसून अर्धा तास

कुरियरनं मागवू नका. जाऊन, बघून, चालवून घ्या. पेन ड्राइव्हमध्ये जीपीयू-झेड, क्रिस्टलडिस्कइन्फो, एचडब्ल्यूइन्फो आणि फरमार्क घेऊन जा.

पोहोचल्यावर आधी कॅबिनेटला हात लावा. गरम असेल तर पीसी तुमच्या येण्याआधी चालू करून ठेवलेला होता. बंद करायला सांगा, थंड होऊ द्या, मग सुरू करा. थंड असताना सुरूच न होणारी मशीनं असतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅम बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची तब्येत आणि ती एकूण किती तास चाललीय हे दिसतं. "घरी कमी वापरलाय" म्हणणाऱ्याची डिस्क तीस हजार तास दाखवत असेल तर ती ऑफिसात रात्रंदिवस चाललेली आहे. कार्ड असेल तर फरमार्क पंधरा मिनिटं लावा आणि तापमान बघत बसा. पडद्यावर ठिपके, रेघा दिसल्या, मशीन बंद पडलं किंवा जळका वास आला तर चहा प्या आणि परत या. सगळे यूएसबी, ऑडिओ, नेटची पिन एकेक करून तपासा. बाजूचं झाकण उघडायला सांगा. एसएमपीएसवर कंपनीचं नाव आणि वॉट लिहिलेलं हवं.

पैसे तिथंच, तपासून झाल्यावर. "मी आर्मीत आहे, बदली झाली, दोन हजार टोकन पाठवा" हा सापळा जुना झाला तरी लोक अजून पडतात. क्यूआर स्कॅन करून किंवा पिन टाकून पैसे कधी येत नसतात, फक्त जातात. गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावा.

एक कागद मात्र करा. विकणाऱ्याचं नाव, फोन, तारीख, रक्कम, मशीनचा सीरियल नंबर आणि सही. व्यापारी असेल तर बिलच. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसा संशय घ्यायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. भाव संशयास्पद कमी आणि बिल काहीच नाही, असं असेल तर सौदा सोडा. कार्डाची वॉरंटी शिल्लक आहे असं सांगितलं तर मूळ बिल मागा, अनेक कंपन्या त्याशिवाय क्लेम घेत नाहीत.

परत आणताना कार्ड स्लॉटमधून काढून वेगळं गुंडाळा. जड कार्ड तसंच ठेवलं तर एसटीच्या हादऱ्यांत स्लॉट तुटतो. कॅबिनेट आडवं ठेवा, बोर्डाची बाजू खाली, आणि डिक्कीत न टाकता पायाशी. मॉनिटर मांडीवर. घरी आल्यावर जुनं विंडोज पूर्ण पुसून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून नवं टाका. क्रॅक केलेल्या विंडोजमध्ये आधीच्या माणसानं काय काय ठेवलंय ते तुम्हाला दिसत नसतं. हे होईपर्यंत त्या पीसीवर बँकेचं किंवा ईमेलचं लॉगिन करू नका.